रिंगणीची धुरी आणि दाढेतली ‘कीड’

फाल्गुन-चैत्रात दारव्ह्याकडची वावरं उघडी पडतात. तूर निघालेली, पऱ्हाट्या उपटलेल्या. तेव्हाही धुऱ्यावर एक काटेरी झुडूप भुईला चिकटून हिरवं असतं. फूल जांभळं, मधे पिवळं. फळ कच्चं असताना हिरवं-पांढरं पट्ट्यांचं, पिकलं की पिवळं. हीच भुईरिंगणी. दशमुळांपैकी एक, खोकल्याच्या काढ्यातली.

पण वस्तीत तिची आठवण होते ती दाढ ठणकली की. सुकलेल्या बिया तेल लावून निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं धूर तोंडात घ्यायचा, लाळ पाण्याच्या वाटीत सोडायची. मग वाटीत बारीक पांढरं काही दिसतं. “पाहा ताई, कीड पडली!”

बायांनो, दाढेत अळी नसतेच. गोडधोड दातात अडकतं, जंतू त्याचं आम्ल करतात, त्यानं दात पोखरतो. युरोपातही खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत. तोही रिंगणीच्याच कुळातला. तिथल्या ‘अळ्या’ म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले कोंब निघाले. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या पुस्तकात लिहिलं, की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही दातात किडा सापडला नाही.

मग ठणका थांबतो कसा? तो तसाही येतो-जातो. कधी दाताची नस मरते आणि दुखणं थांबतं, पण आत पू साठत राहतो.

आम्हाला खरी भीती वेगळीच आहे. आपल्याकडे गालात खर्रा असतो, बायांच्याही. (गुटखाबंदी २०१२ ची, खर्रा टपरीवर घोटूनच मिळतो.) तोंडातली जखम ‘दाढेची कीड’ समजून धुरी घेत महिने काढलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आली तेव्हा तोंडात दोन बोटंही जात नव्हती.

आरशासमोर तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी आत जातात का? पांढरा-लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नसलं तरी सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढच्या तपासणीला यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्रा सोडायला मदत हवी तर १८००-११२-३५६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

रिंगणी उपटून टाका असं आम्ही म्हणत नाही. फक्त खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर काढा बाजूला ठेवून आधी थुंकी तपासा.