डीफ्रॅग लावलंय, मग बाकीचे प्रोग्रॅम बंद करायचे का?

मागच्या महिन्यात सांगलीहून काकांचा फोन आला. "अरे, सकाळी दहाला ते डीफ्रॅग लावलंय. दुपारचे चार वाजले तरी अकरा टक्क्यांवरच. कॉम्प्युटर गेला की काय?"

काकांचं लग्नपत्रिका आणि बिलबुकांचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज १०, आत साधी फिरणारी हार्ड डिस्क. मी विचारलं, "काका, बाजूला काय काय चालू आहे?"

"काही नाही रे. एक पत्रिका उघडी आहे, ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, आणि तो अँटिव्हायरस काहीतरी स्कॅन करतोय."

'काही नाही' म्हणता म्हणता एवढं निघालं!

आधी डीफ्रॅग म्हणजे काय ते बघू. हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरागरा फिरत असते आणि एक बारीक दांडा तिच्यावरून पुढे-मागे सरकत डेटा वाचतो. डेस्कटॉपची चकती साधारणपणे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला जवळपास ८ मिलिसेकंद. विंडोज फाइल ठेवतं ती छोट्या कप्प्यांत, बहुतेक वेळा ४ केबीच्या. सलग रिकामे कप्पे मिळाले नाहीत की फाइलचे तुकडे करून जागा दिसेल तिथे टाकतं. मग तीच फाइल उघडताना दांड्याला दहा ठिकाणी पळावं लागतं, आणि दर वेळी हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबावं लागतं. विखुरलेले तुकडे सलग लावणं म्हणजे डीफ्रॅग.

आता घोळ कुठे होतो? दिवाळीची साफसफाई आठवा. आई मांडणीवरचे डबे उतरवून लावतेय आणि त्याच वेळी कोणीतरी चहा करायला साखर, पत्ती काढून भलतीकडेच ठेवतंय. कॉम्प्युटरमध्ये ही चहा करणारी मंडळी म्हणजे अँटिव्हायरस, क्लाउड सिंक, ब्राउझर आणि टोरंट. टोरंट तर सगळ्यात वाईट, कारण फाइल तुकड्यातुकड्यांनीच येत असते. शिवाय दांडा एकच. डीफ्रॅगला तो एकीकडे हवा असतो, अँटिव्हायरसला दुसरीकडे.

विंडोज ९८ च्या काळात तर हे फार छळायचं. डीफ्रॅग चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं, की 'ड्राइव्हमधला मजकूर बदलला' असं सांगून गाडी पुन्हा सुरुवातीला. स्क्रीनसेव्हरसुद्धा बंद करावा लागायचा. 'डीफ्रॅगच्या वेळी कशालाही हात लावू नका' हा सल्ला तिथूनच आलाय.

आजच्या विंडोजमध्ये एनटीएफएस फाइल सिस्टिम असते आणि तिथे मामला वेगळा आहे. तुकडा आधी नव्या जागी कॉपी होतो, मग फाइलच्या नोंदीत नवा पत्ता लिहिला जातो आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी होते. त्यामुळे फाइल उघडी असली तरी सहसा बिघडत नाही. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइल्स, उदाहरणार्थ पेजफाइल, मात्र चालू असताना हलत नाहीत. त्या तशाच राहतात. आणि व्हिस्टापासून डीफ्रॅगला डिस्कच्या रांगेत सगळ्यात मागे उभं केलेलं असतं. दुसऱ्या कोणाला डिस्क हवी असेल तर ते बाजूला होतं. काकांचे अकरा टक्के त्यामुळेच! कॉम्प्युटर मेला नव्हता, डीफ्रॅगचा नंबरच लागत नव्हता.

मला खरी काळजी वेगळीच वाटली. "काका, बॅकअप आहे ना?"

"कसला बॅकअप?"

पंधरा वर्षांच्या पत्रिका त्या एका डिस्कवर. थोरल्याच्या लग्नाची डिझाइन धाकट्यासाठी मागायला लोक आजही येतात. मी म्हटलं, आधी ते डीफ्रॅग थांबवा. 'स्टॉप' दाबल्याने काही नुकसान होत नाही. डीफ्रॅग डिस्ककडून तासन् तास वाचून आणि लिहून घेतं. डिस्क म्हातारी असेल, टक-टक आवाज करत असेल, फाइल उघडताना एरर देत असेल, तर तो ताण तिला झेपेलच असं नाही. आवाज येणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग करूच नका, आधी डेटा बाहेर काढा. काकांची डिस्क शांत होती, पण अख्खा शनिवार एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी करण्यात गेला.

रविवारी संध्याकाळी ब्राउझर बंद केला, क्लाउड सिंक पॉज केलं. अँटिव्हायरस चालूच ठेवला, फक्त त्याचं शेड्यूल केलेलं स्कॅन पुढे ढकललं. मग रिसोर्स मॉनिटरच्या 'डिस्क' टॅबमध्ये अजून कोण लिहितंय ते बघितलं. तिथे प्रिंटरसोबत आलेला एक अपडेटर सापडला, त्यालाही सुट्टी दिली. 'ॲनलाइझ' केल्यावर २७ टक्के तुकडे दिसत होते. रात्रभर यूपीएसवर मशीन चालू ठेवलं. सकाळी शून्य टक्के. मोठ्या फाइल्स आता पटकन उघडतात. कॉम्प्युटर सुरू व्हायला मात्र अजूनही वेळ लागतो, कारण त्यात हजारभर फॉन्ट भरलेत. त्याला डीफ्रॅग काय करणार!

तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे ना चकती, ना दांडा, आणि उगाच लिहिण्याने चिपचं आयुष्य कमी होतं. विंडोज ८ पासून तेच 'ऑप्टिमाइझ' बटण एसएसडी ओळखून मुख्यतः ट्रिम चालवतं, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते ड्राइव्हला कळवतं. फोनमध्येही चिपच असते. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ पासून फोन हे काम मोकळ्या वेळात स्वतः करतो. त्यामुळे 'फोन डीफ्रॅग' करून देतो म्हणणारं ॲप दिसलं तर टाकू नका.

आणि हो, एवढे तुकडे साचलेच कसे? विंडोज हे काम ठरलेल्या वेळी आपोआप करतं, पण काका रोज आठला मेन स्विच बंद करून घरी जायचे. आता महिन्यातून एक रात्र मशीन चालू असतं. काकू विचारते, "दुकानात दिवा कशाला जळतोय?"