भाड्याचा गाळा : विकावा, ठेवावा की कर्ज बदलावे?



उसाच्या बिलातून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तालुक्याला गाळा घेतला, भाड्याने दिला. आता त्याचे काय करावे, अशी विचारणा आमच्याकडे होते. खोडवा ठेवावा की मोडावा, हे आपण उत्पन्न आणि खर्च मांडून ठरवतो. इथेही तसेच करावे.

उदाहरण घेऊ. गाळ्याची आजची किंमत ३० लाख, भाडे महिना १० हजार. वर्षाचे झाले १ लाख २० हजार. घरपट्टी, डागडुजी आणि एखादा रिकामा महिना मिळून ३० हजार वजा करा. राहिले ९० हजार. कर्ज ८ लाख बाकी, व्याज ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. हाती आले २ हजार! मुद्दल उसाच्या बिलातूनच जाते.

कर्ज बदलणे : ९ टक्क्यांनी मिळाले तर वर्षाला १६ हजार वाचतात. बदलण्याचा खर्च २० हजार आला तर सव्वा वर्षात निघतो. चार-पाच वर्षे फेड बाकी असेल तर जरूर बदलावे. मात्र मुदत वाढवू नये. हप्ता हलका दिसतो, एकूण व्याज वाढते. आणि गाळ्यापायी उसाची जमीन तारण देऊ नका.

विकणे : गाळा १४ लाखांना घेतला होता, तर नफा १६ लाख. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या मिळकतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे; इथे २ लाख, वर ४ टक्के उपकर. त्या तारखेआधीच्या खरेदीला महागाई निर्देशांक धरून २० टक्के, हाही हिशेब करता येतो. कमी बसेल तो घ्यावा. कर्ज, कर, दलाली जाऊन साडेएकोणीस लाख उरले, तर ६ टक्क्यांनी वर्षाला १ लाख १७ हजार व्याज येईल.

ठेवणे : कर्ज बदलूनही हाती १८ हजारच. म्हणजे ९९ हजारांचा फरक. गाळ्याची किंमत वर्षाला साडेतीन टक्के तरी वाढली, तरच तो भरून निघेल. बाजारपेठ, एसटी स्टँड जवळ असेल तर ठेवावा. धंदा बाह्यवळणाकडे सरकला असेल तर मोह सोडावा. ठेवणाऱ्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करावा; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे.

एक सांगणे. बिल लांबले, घरात लग्न निघाले, म्हणून घाईत विकू नका. अडलेल्याचा माल पडत्या भावानेच जातो. आपले आकडे कागदावर मांडा, कर सल्लागाराला दाखवा, मगच सही करा.

— ऊस विकास अधिकारी