शंखांतल्या खेकड्याच्या पेटींत उगवणारीं भूछत्रें

कुजक्या गवतावर, वारुळापाशीं किंवा जुन्या उकिरड्याच्या कडेस पावसाळ्यांत भूछत्रें उगवलेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांतील ओळखीचीं तीं अळंबी म्हणून आपण खातों, आणि बाकीचीं कुत्र्याच्या छत्र्या म्हणून सोडून देतों. परंतु घरांतील कांचेच्या पेटींत, आणि तीहि जिवंत प्राणी ठेवलेल्या पेटींत, हीं उगवूं लागलीं तर काय करावें, हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षीं अमेरिकेंत कन्येच्या घरीं पडला. तेथें आमच्या हातून झालेली चूक आणि मागाहून मिळविलेली माहिती येथें देत आहों. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आतां परदेशीं आहेत. शिवाय ज्या काथ्याच्या भुशावर हीं भूछत्रें येतात तोच भुसा आपण रोपवाटिकेंत वापरतों. तेव्हां विषय अगदींच परका नव्हे.

अमेरिकेंत मुलांस पाळण्याकरितां शंखांत राहणारे खेकडे दुकानांत विकत मिळतात. ह्या खेकड्याचें पोट मऊ असून त्यावर कठीण कवच नसतें. म्हणून तो गोगलगाईचा रिकामा शंख घरासारखा पाठीवर वागवितो. पेटींत त्याची वीण क्वचितच होते, त्यामुळें दुकानांतील बहुतेक सर्व खेकडे समुद्रकिनाऱ्यावरून धरून आणलेले असतात. तो राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो कल्ल्यांनीं, आणि ते कल्ले ओलसर राहिले नाहींत तर तो हळूहळू गुदमरून मरतो. ह्याकरितां पेटींतील हवेचा दमटपणा शेंकडा ८० च्या सुमारास व उष्णता २४ ते २९ अंश सेल्सिअस ठेवावी लागते. तळाशीं पांच भाग वाळू व एक भाग काथ्याचा भुसा मिसळून निदान सहा इंच जाडीचा ओला थर देतात.

ऊब, दमटपणा, कोंडलेली हवा, आणि तळांत कुजणारा पालापाचोळा व लाकूड. भूछत्रास याहून अधिक काय हवें? आपणांस दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचें केवळ फळ होय. खरी बुरशी पांढऱ्या तंतूंच्या रूपानें आंत पसरलेली असते. तिच्यांत हरितद्रव्य नसल्यामुळें ती स्वतःचें अन्न तयार करूं शकत नाहीं, काथ्या, लाकूड व उष्टें अन्न कुजवून त्यावर जगते. खेकड्यास अन्नाचे तुकडे ओढून नेऊन वाळूंत पुरण्याची खोड असते, त्यामुळें तिला खाद्य आयतेंच मिळतें.

आतां आमची गोष्ट. एके सकाळीं नातीच्या पेटींत सात-आठ पिवळीं धमक भूछत्रें दिसलीं. आम्ही बागाइती मुलखांत वाढलेलों. बुरशी म्हटली कीं आम्हांस मोरचूदच आठवतो. आम्हीं जांवयास बोर्डो मिश्रणाविषयीं विचारलें. त्यानें जीवनाशक कोणतेंहि औषध पेटींत घालण्यास साफ नकार दिला, आणि तें योग्यच झालें. तेव्हां हरळीप्रमाणें मुळासकट उपटून काढूं, असा विचार करून आम्हीं चमच्यानें पांढरे तंतू खणावयास सुरुवात केली. पेटींतील तीन खेकड्यांपैकीं एक तीन आठवडे दिसला नव्हता. तो मेला असावा अशी आमची समजूत. चार बोटें खोल गेल्यावर तो सांपडला. जिवंत होता, फिकट व लोण्यासारखा मऊ होता, आणि टाकलेलें जुनें कवच त्याच्या शेजारीं पडलेलें होतें. त्यानें भोंवतीं केलेली पोकळी आमच्या चमच्यानें ढांसळली होती. तिसऱ्या दिवशीं तो मेला. नातीस काय सांगावें हें आम्हांस सुचलें नाहीं.

सर्प जशी कात टाकतो तसा खेकडा वाढीसाठीं कवच टाकतो. शंखांतला खेकडा हें काम वाळूंत पुरून घेऊन करतो. लहान खेकड्यास त्यास महिना-दीड महिना लागतो, मोठ्यास कित्येक महिनेहि लागतात. नवें अंग टणक होईपर्यंत तो असहाय असतो. टाकलेलें कवच खाऊन त्यांतील चुना तो परत मिळवितो. ह्या काळांत त्यास बाहेर काढणें म्हणजे बहुधा मारणेंच. म्हणून पहिला नियम असा कीं, भूछत्रें कितीहि उगवोत, जो खेकडा दिसत नाहीं तो खालीं आहे असें धरावें व थर खणूं नये. कोणता खेकडा कोणत्या दिवशीं खालीं गेला त्याची नोंद ठेवावी. आम्ही आयुष्यभर परक्यांच्या जमिनींच्या नोंदी केल्या, आणि येथें एका कागदाच्या चिटोऱ्यास आळस केला.

मोरचुदाविषयींहि सांगणें जरूर आहे, कारण आमच्यासारखाच विचार इतरांच्या मनांत येईल. खेकड्याच्या रक्तांत तांबें असतें, त्याच्याच योगें तें प्राणवायु वाहून नेतें. परंतु तेंच तांबें पाण्यांतून अधिक गेल्यास खेकडे, झिंगे व त्यांच्या जातीचे इतर प्राणी मरतात. १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना हें सुपारीच्या बागेस हितकर असलेलें प्रमाण पेटींत विषच ठरेल. इतर बुरशीनाशकेंहि वापरूं नयेत.

मग करावें काय? छत्री उघडण्यापूर्वींच चिमट्यानें काढावी. उघडल्यावर खालच्या पात्यांतून बीजाणूंची धूळ पडते. खेकडा पुरलेला असेल तेथें ओढूं नये, वाळूच्या पातळीस कात्रीनें कापावी. काढलेलीं भूछत्रें पिशवींत बांधून टाकावीं व हात धुवावे; दम्याच्या माणसानें नाकातोंडास फडकें बांधावें. उरलेलें अन्न रोज उचलावें, बुरशी धरलेलें लाकूड बदलावें. ओलाव्याची परीक्षा आपल्या वाफशासारखीच आहे: मूठ वळली पाहिजे पण पाणी गळतां कामा नये. मात्र खणण्यास मनाई असल्यामुळें ही परीक्षा थर भरतांनाच करावी. तळांतून कुजक्या अंड्यासारखा वास येऊं लागला तर पाणी फाजील झालें असें समजावें. भूछत्रें मरावींत म्हणून पेटी वाळविणें मात्र घातक; बुरशी कोरड्यांत तग धरते, खेकडा धरीत नाहीं.

काथ्याचा भुसा विटेच्या आकारांत दाबलेला मिळतो. नवा भुसा उकळत्या पाण्यांत भिजवून निववून घेतल्यास बीजाणू कमी होतात, पण ते हवेंतूनहि येत असल्यामुळें कायमचा बंदोबस्त होत नाहीं. कांहीं लोक पेटींत पांढरे, तिळाहूनहि बारीक, टुणकन् उडणारे किडे मुद्दाम सोडतात. ते बुरशी खातात व खेकड्यास उपद्रव देत नाहींत. कन्येनें तेच केलें. भूछत्रें आणखी दोन वेळां आलीं, तीं कापलीं, आणि पुढें येईनाशीं झालीं.

आपल्या रोपवाटिकेंतहि काथ्याच्या भुशावर पावसाळ्यांत अशींच पिवळीं भूछत्रें येतात. तीं रोपाच्या जिवंत मुळांवर जगत नाहींत, कुजक्या भुशावर जगतात. तेव्हां त्यांच्यावर फवारणीचा खर्च करूं नये. पाणी थोडें आंवरावें, छत्र्या खुडून पुराव्यात. तीं खाण्याजोगीं नव्हेत, म्हणून लहान मुलांचा हात तेथें पोंचूं देऊं नये.