हाफ-लाइफचं गणित आणि डेड स्टॉक

हाफ-लाइफचा प्रश्न म्हणजे फुकटचे चार मार्क, असं आपण सगळेच समजतो. मराठीत याला अर्धायुष्य म्हणतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द मला फार उशिरा कळला. शब्द छान आहे, पण घोटाळा करतो. अर्धं आयुष्य ५ वर्षं, म्हणजे १० वर्षांत सगळं संपलं, असं वाटतं. तसं नसतं बरं का!

कोबाल्ट-६० घ्या. त्याची हाफ-लाइफ ५.२७ वर्षं. म्हणजे आज आहे त्याच्या निम्मा तेवढ्या काळाने उरतो. पुढच्या ५.२७ वर्षांत त्या उरलेल्याचा निम्मा जातो, सगळा नाही. मेसमध्ये प्रत्येकाने पातेल्यात उरलेल्या भाजीतली अर्धीच घ्यायची असा नियम केला, तर पातेलं रिकामं कधी होणार? (आपल्याकडे ती दहाव्या मुलापाशीच संपते, ते सोडा.)

रीत सोपी आहे. गेलेल्या काळाला हाफ-लाइफने भागायचं, आणि जो आकडा येईल तितक्या वेळा मूळ संख्येला २ ने भागायचं. आकडा अपूर्णांकात आला तर कॅल्क्युलेटरवर २ चा तेवढा घात काढायचा.

आता खरं उदाहरण. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं गॅमा किरणांचं एक यंत्र होतं, साधारण १९७० सालचं. १९८५ च्या सुमारास ते वापरातून गेलं. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथल्या कामगारांनी शिशाचं आवरण फोडलं. त्यांना बिचाऱ्यांना आत काय आहे ते कोण सांगणार? एप्रिलमध्ये माणसं आजारी पडली आणि त्यांतला एक कामगार दगावला.

यंत्र ४० वर्षं जुनं. ४० भागिले ५.२७ म्हणजे ७.५९. २ चा ७.५९ वा घात सुमारे १९३. म्हणजे मूळ कोबाल्टचा १९३ वा भाग उरला. ऐकायला अगदीच किरकोळ! पण सुरुवात कितीपासून होती? हिशोबापुरते ३,००० क्युरी धरू. त्याचे उरतात साडेपंधरा क्युरी. १ क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी अणू फुटणं. म्हणजे ४० वर्षांनंतरही दर सेकंदाला सुमारे ५८ हजार कोटी! एवढा उघडा स्रोत १० सेंटीमीटरवर पाव तास जरी राहिला, तरी शरीराच्या त्या जवळच्या भागाला सुमारे ५ ग्रे डोस बसतो. एवढा डोस सगळ्या शरीराला बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं मरतील.

म्हणून कितवा भाग उरला हे विचारून भागत नाही. किती उरला, ते विचारावं लागतं.

उलटं गणितही करून बघा. ३,००० क्युरीचा १ मायक्रोक्युरी व्हायला किती वर्षं लागतील? गुणोत्तर ३०० कोटी. त्याचा लॉग ९.४७७, २ चा लॉग ०.३०१, भागाकार सुमारे ३१.५. गुणिले ५.२७, म्हणजे १६६ वर्षं.

आपल्या प्रत्येक लॅबला डेड स्टॉकचं रजिस्टर असतं. दरवर्षी सर आणि लॅब असिस्टंट त्यात टिकमार्क करतात, आणि जुनं झालेलं सामान राइट-ऑफ होतं. ऑसिलोस्कोपला हे चालतं. किरणोत्सारी स्रोताला चालत नाही. मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी घेऊन तो पुरवठादाराकडे परत पाठवावा लागतो, नाहीतर मान्यता असलेल्या ठिकाणी पोचवावा लागतो.