मिशाळ माशाचा शिधा

दिल्लीच्या बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारांपाशी एक वाक्य तयारच असते. काचेला तोंड चिकटवून बसलेल्या, काळपट अंगावर फिकट ठिपके असलेल्या एका माशाकडे बोट दाखवून तो म्हणतो, ‘‘यह सकर है साहब, सफ़ाई करता है, इसे खिलाना नहीं पड़ता.’’ ज्याच्या जेवणाचा खर्च नाही आणि जो विनावेतन चाकरी करतो, असा प्राणी कोणाला नकोसा होईल? सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर या दोन्ही गोष्टींचे एकत्र येणे फारच दुर्मिळ वाटले, आणि मी तो मासा घरी आणला. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवल्याने काय होते, हे समजावयास मला पुढे बरेच दिवस लागले.

प्रथम या माशाची ओळख करून द्यावयास हवी. मुंबईच्या चौपाटीलगतचे, 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे रंगीबेरंगी, चपळ मासे उभे राहतील. हा मासा त्यांतला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा रहिवासी. शास्त्रीय भाषेत आन्सिस्ट्रस आणि इंग्रजी व्यवहारात ब्रिसलनोज कॅटफिश. आपल्या मांगूर-शिंगाळ्यांचा तो दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. परंतु त्यांच्यासारखे त्याचे अंग उघडे व गुळगुळीत नसून त्यावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. तोंड खालच्या अंगाला, बशीसारखे, आणि नराच्या थोबाडावर मांसल केसरांचा झुपका. या झुपक्यावरून आमच्या घरात त्याला ‘मिशाळ’ हे नाव पडले. पूर्ण वाढ झाली तरी तो वीतभरही होत नाही. येथे सावधगिरीची एक सूचना देतो. त्याच ‘सकर’ या नावाने दुसरीही एक जात सर्रास विकली जाते आणि ती हातभर वाढते. काचपेटीत मावेनासे झालेले तसे मासे लोकांनी तळ्यांत व नद्यांत सोडून दिले, आणि आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत ही परकी जात पक्की रुजली आहे. 2020 साली वाराणसीजवळ गंगेतही ती सापडली. विकत घेताना नाव न विचारता थोबाड पाहावे, ते याचसाठी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिशाळ खातो काय? त्याच्या ओठांच्या आत बारीक दातांच्या दोन फण्या असतात. त्यांनी तो दगडावरचे, लाकडावरचे, काचेवरचे शेवाळ खरवडतो, आणि त्या शेवाळाबरोबर जिवाणूंचा व सूक्ष्म जीवांचा जो बुळबुळीत थर असतो तोही पोटात घेतो. असे अन्न निकस असते. म्हणून त्याचे आतडे शरीराच्या मानाने फार लांब, घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते, आणि म्हणूनच त्याला जवळजवळ सतत चरावे लागते. तो गुरांच्या जातीचा आहे, वाघाच्या नव्हे. वाघ एकदा जेवला की निजतो. गाईला माळ लागतो. दोनतीन फूट लांबीच्या काचपेटीत असा माळ कितीसा असणार? माझ्या पेटीची काच पंधरा दिवसांत लख्ख झाली, त्याचे मी येणाऱ्याजाणाऱ्यांपाशी कौतुक केले. वस्तुतः काच लख्ख झाली याचा अर्थ ताट रिकामे झाले, इतकाच होता. एके रात्री मासा समोरच्या काचेवर चिकटलेला असताना त्याचे पोट आत गेलेले दिसले, तेव्हा माझ्या ध्यानात आले. पोट किंचित गोलसर असावे. ते खपाटीला गेले की मासा उपाशी आहे असे निःशंक समजावे.

त्याला लाकूडही लागते असे म्हणतात. पेटीत पाण्याने मुरलेला ओंडका ठेवावा हे खरे, पण तो लाकूड पचवितो ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. याच कुळातील लाकूड कुरतडणाऱ्या माशांच्या आतड्यांचा अभ्यास डोनोव्हन जर्मन या शास्त्रज्ञाने 2009 साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, लाकडाचा भुसा त्यांच्या पोटातून काही तासांतच बाहेर पडतो आणि त्यातील सेल्युलोजचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. ओंडक्याचे महत्त्व आहे ते त्याच्यावर वाढणाऱ्या थरामुळे, आणि दिवसा लपावयास मिळणाऱ्या सावलीमुळे. ओंडका म्हणजे ताट, अन्न नव्हे.

अन्न आपल्या स्वयंपाकघरातच असते. परदेशी पुस्तकांत या माशांसाठी झुकिनीची शिफारस असते. ती दिल्लीच्या आयएनए मार्केटमध्ये मिळते, पण तिच्यासाठी तेथवर जाण्याचे कारण नाही. आपला दुधी तेच काम करतो. काकडी मासे आवडीने खातात. मात्र तिच्यात पंचाण्णव टक्के पाणीच, तेव्हा ती फराळापुरती. पालकाची पाने, सोललेले मटार, फरसबी, लाल भोपळ्याची फोड हेही चालते. भाजी चांगली धुवावी, साल काढावी, कारण फवारणीचे औषध सालीवरच अधिक असते. मग उकळत्या पाण्यात दोनतीन मिनिटे ठेवून मऊ करावी. मीठ, हळद काही नको. फोड तरंगू नये म्हणून ती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवावी. हा मासा निशाचर आहे. म्हणून ताट वाढावे ते दिवे मालवताना आणि उरलेले सकाळी न विसरता काढून घ्यावे. आठवड्यातून एकदोनदा बुडणारी शैवालवडी किंवा थोडे प्राणिज अन्न पुरे. त्याचा अतिरेक झाला तर त्या लांबलचक आतड्याला ते मानवत नाही.

सकाळी उरलेले काढून घ्यावे, हे मी जोर देऊन सांगितले. त्यामागील रसायन समजावून घेतले पाहिजे. पाण्यात कुजणाऱ्या अन्नातून आणि माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. पेटीतील गाळणीत वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण त्यांच्या कामाला मर्यादा असते. शिवाय अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो, एक सौम्य व एक जहाल. पाणी जितके अल्कधर्मी व जितके उष्ण, तितके जहाल रूपाचे प्रमाण अधिक. सामू सातावरून आठावर गेला की ते जवळजवळ दसपट होते. दिल्ली, नोएडा, गुडगाव या परिसरातील कूपनलिकांचे पाणी जड आणि बहुधा अल्कधर्मी. नळाचे पाणी यमुनेचे असेल तर त्याची कहाणी निराळीच. यमुनेत अमोनिया वाढला म्हणून वजीराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटल्याच्या बातम्या दिल्लीकर दर हिवाळ्यात वाचतात. म्हणून पाणी पेटीत घालण्यापूर्वी क्लोरीन व अमोनिया या दोहोंचा बंदोबस्त करणारे औषध त्यात मिसळणे बरे. नुसते रात्रभर उघडे ठेवून भागतेच असे नाही.

मिशाळाच्या संसारात पितृत्वाची कामगिरी मोठी आहे. नर एखादी अरुंद बिळासारखी जागा पसंत करतो. आमच्याकडील नराने फुटक्या सुरईची मान पसंत केली. माती कच्च्या रंगाची, लुकण नसलेली असावी एवढेच पाहावे. मादी आत नारिंगी अंड्यांचा घोस चिकटवून निघून जाते आणि नर परांनी वारा घालीत, काहीही न खाता वा अगदी थोडे खाऊन, त्यांच्यावर पहारा करतो. त्याच्या मिशांविषयी 1999 साली सबाज, आर्मब्रस्टर व पेज या तीन अभ्यासकांनी एक मोठे मनोरंजक अनुमान मांडले. त्यांच्या मते, त्या वळवळत्या मिशा पिल्लांसारख्या दिसत असाव्यात. ज्याच्या घरी आधीच पिल्ले नांदत आहेत असा नर माद्यांना विश्वासू वाटतो, आणि पिल्ले नसली तरी मिशा तो आभास निर्माण करतात. अनुमान खरे ठरो वा न ठरो, मला ते आवडले.

चारपाच दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले म्हणजे सुरुवातीला पिवळ्या बलकाची पिशवी आणि तिला चिकटलेली शेपटी. ती पिशवी संपेपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे आठवडाभर, त्यांना बाहेरच्या अन्नाची गरज नसते. त्यानंतर मात्र उपास मुळीच सोसत नाही. आणि येथेच माझी चूक झाली. पहिल्या वेळी, मे महिन्यात, सत्तरएक पिल्ले सुरईबाहेर आली. माझी मुलगी ती रोज मोजी. मोठा मासा उपाशी ठेवल्याचा सल मनात होताच. त्याची भरपाई म्हणून मी दिवसातून चार वेळा कोरड्या खाद्याची पूड टाकू लागलो, शिवाय भोपळ्याची फोड. एका रविवारी आम्ही लग्नाला मेरठला गेलो आणि पिल्लांचे हाल नकोत म्हणून मी जाताना एकाऐवजी तीन फोडी ठेवल्या. रात्री परतलो तेव्हा पाणी ताकासारखे गढूळ झालेले होते. तपासणीच्या बाटलीतील पाणी पिवळे राहावयास हवे होते, ते गडद हिरवे झाले. नऊ पिल्ले वाचली. नर सुरईच्या तोंडाशी होता आणि अजून पर हलवीत होता. मुलीने त्या दिवशी मोजले नाही. मी ती तिच्यादेखत बाहेर काढली नाहीत, एवढेच मला करता आले.

उपासमार आणि अतिपोषण या दोहोंच्या मधली वाट पुढच्या वेळी सापडली, आणि ती फार साधी होती. पिल्लांना हवे ते सदैव तोंडाशी असलेले, पण न कुजणारे अन्न. गुळगुळीत गोटे काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून सज्जातल्या उन्हात ठेवले की दहाबारा दिवसांत त्यांच्यावर हिरवी साय धरते. असे गोटे आलटून पालटून पेटीत ठेवावयाचे. चरून झालेला गोटा पुन्हा उन्हात. दुसरे साधन म्हणजे देशी बदामाचे वाळलेले पान. कोकणात ज्याच्या पानांनी अंगण भरते, तोच हा वृक्ष. रत्नागिरीहून येणाऱ्या नातलगांना मी आंब्यांऐवजी या पानांची पिशवी आणावयास सांगतो, त्याचे त्यांना नवल वाटते. पान पाण्यात मऊ पडत जाते, त्यावर जिवाणूंचा थर चढतो आणि पिल्ले त्याची जाळी करून टाकतात. यांच्या जोडीला दुधीची नखाएवढी चकती संध्याकाळी आणि पुडीची चिमूट दिवसातून दोनदा. रोज थोडे पाणी बदलणे.

ऋतूप्रमाणे हातही आखडावा लागतो. पाणी वीस अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर साडेसातच. मोठा मासा अडचणीत वर येऊन हवा गिळतो व जठरानेच श्वसन करू शकतो, पण पिल्लांच्या बाबतीत या सोयीवर विसंबू नये. म्हणून मे-जूनमध्ये हवेचा पंप अखंड चालू आणि अन्न निम्मे. जानेवारीत हीटर नसेल तर पाणी इतके थंड होते की मासा खातच नाही. तेव्हा वाढलेले सारे कुजते.

त्या दुसऱ्या खेपेची पिल्ले दोन महिन्यांत बोटाच्या पेराएवढी झाली. बरीचशी कार्यालयातील सहकाऱ्यांनी नेली. प्रत्येकाबरोबर मी एक कागद देतो. त्यावर दुधी किती वेळ उकळावा, किती वाजता काढावा आणि मासा नको झाला तर यमुनेत न सोडता माझ्याकडे परत आणावा, असे लिहिलेले असते. आजवर दोन परत आले आहेत, दोन्ही चांगले पोसलेले.