क्यूटीमधील एसव्हीजी चित्रे

एसव्हीजी फाइलमध्ये ठिपक्यांऐवजी रेषा, वक्र आणि रंग यांचे वर्णन एक्सएमएल मजकुरात लिहिलेले असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये या स्वरूपाला प्रमाण मान्यता दिली. क्यूटी हा प्रोग्राम लिहिण्यासाठीचा सी प्लस प्लसमधील संच अशी फाइल वाचण्यासाठी क्यूएसव्हीजीरेंडरर हा वर्ग देतो.

हा वर्ग फाइल उघडून मजकूर उलगडतो आणि क्यूपेंटर या रेखाटनाच्या वर्गाकरवी चित्र रेखाटतो. मग ते खिडकीत उमटो, प्रतिमेत वा छापील कागदावर. आकार वाढला की वक्रांचे गणित पुन्हा होते, त्यामुळे कडा रेखीव राहतात. मात्र लांबी-रुंदीचे प्रमाण आपोआप जपले जाईल असे गृहीत धरू नये. सांगितले नाही, तर चित्र दिलेली चौकट भरण्यासाठी ताणले जाते आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. क्यूटीच्या ५.१५ आवृत्तीपासून प्रमाण जपण्यासाठी स्वतंत्र सूचना देता येते.

फाइलमधील एकच घटक त्याच्या ओळखनावाने काढता येतो, ही खरोखर सुंदर सोय आहे. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या पत्त्यांच्या खेळांत अख्खा जोड एकाच फाइलमध्ये असतो.

मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. जुन्या आवृत्त्यांत आधार एसव्हीजी टायनी १.२ या छोट्या उपसंचापुरताच होता, त्यामुळे इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये दिलेली धूसर सावली त्यांत हरवू शकते. स्क्रिप्ट तर चालतच नाही. उलट दिशेने, क्यूएसव्हीजीजनरेटर हा वर्ग पडद्यावरचा आलेख एसव्हीजी म्हणून जतन करतो. प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर देताना एसव्हीजीची प्लगइन सोबत गेली नाहीत, तर एसव्हीजी आयकॉनच्या जागा रिकाम्या दिसतात.