दावण्याला वेलीतूनच उत्तर
पिकांची वंशावळ : लेखांक ७

ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असते, घड फुलोऱ्याकडे निघालेले असतात. नेमका तेव्हाच पाऊस लागला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बागायतदाराची झोप उडते. पान ओले राहिले की दावण्या शिरतो, घड कुजतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने हेच केले. मागच्या लेखांकात आपण या रोगाचा जीवनक्रम पाहिला. आजचा प्रश्न असा, की आपली वेल स्वतः का झुंजत नाही?

उत्तर तिच्या वंशात आहे. आपली खाण्याची द्राक्षे ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ या युरोप-पश्चिम आशियातल्या जातीची. दावण्या मूळचा उत्तर अमेरिकेचा, युरोपात तो १८७८ मध्ये पोचला. अमेरिकेतल्या रानवेली पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या सहवासात वाढल्या, तगल्या त्यांच्यात प्रतिकाराची जनुके टिकली. व्हिनिफेराची त्याच्याशी गाठच पडली नव्हती.

सांगलीत अडचण आणखी वाढते. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेले तास-ए-गणेश, तसेच सोनाका आणि माणिक चमन, ही सगळी थॉमसन सीडलेसचीच लेकरे. मण्याचा आकार बदलला, रोगापुढची दुर्बलता तीच राहिली. बागा ज्या डॉगरिज खुंटावर आहेत तो अमेरिकी वंशाचा, पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारा. पण कलमाच्या वरच्या पानातली प्रत्येक पेशी थॉमसनचीच असते. खुंटाची जनुके पानाला दावण्यापासून वाचवत नाहीत.

मग ही जनुके करतात काय? अमेरिकेतल्या मस्कॅडाईन द्राक्षात सापडलेले ‘आरपीव्ही-१’ घ्या. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीत पहारेकऱ्यासारखे असते. रोगकारकाने आत सोडलेला पदार्थ ओळखू आला की ती पेशी स्वतःच मरते. दावण्या फक्त जिवंत पेशीवर जगतो, त्यामुळे तो तिथेच उपाशी पडतो.

असे एक जनुक आणले की काम झाले, असे वाटेल. सफरचंदाचा अनुभव वेगळे सांगतो. खवल्या रोगाला तोंड देणारे ‘व्हीएफ’ जनुक ‘मॅलस फ्लोरिबंडा’ या बारीक फळांच्या रानटी सफरचंदातून घेतले. अमेरिकेत इलिनॉयमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी संकर सुरू झाले, पण ‘प्रिमा’ हे वाण १९७० मध्ये आले. मोठे, गोड फळ परत मिळवायला पिढ्यामागून पिढ्या संकर करावे लागले. पुढे बहुतेक प्रतिकारक वाणे याच एका जनुकावर विसंबली आणि १९८० च्या दशकात युरोपात त्याला दाद न देणारी बुरशी उभी राहिली. साताऱ्याला हा धडा गव्हाने दिला आहे. महाबळेश्वरच्या केंद्रात गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास चालतो, कारण तांबेराही सतत रूप बदलतो. ‘एसआर-३१’ हे भरवशाचे जनुक निकामी करणारा तांबेरा १९९८ मध्ये युगांडात आढळला.

म्हणून आता एकाच वेलीत दोन-तीन जनुके एकत्र आणतात. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘आर्ताबान’ आणि ‘व्हिडॉक’ या वाईनच्या वाणांत ‘आरपीव्ही-१’ आणि ‘आरपीव्ही-३’ दोन्ही आहेत. दोन्ही पहारे एकाच वेळी चुकवणे रोगकारकाला फार अवघड जाते. रोपाच्या पानातला डीएनए तपासून ती जनुके उतरली की नाही हे लहानपणीच कळते. फळाची वाट पाहावी लागत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाच्या ‘कटॉबा’चा ‘ब्यूटी सीडलेस’शी संकर करून ‘एआरआय-५१६’ हे बुरशीजन्य रोगांना तोंड देणारे वाण दिले आहे. ते प्रामुख्याने रस आणि वाईनसाठी. सांगलीला हवा आहे बिनबियांचा, कुरकुरीत, बेदाण्यालाही चालणारा मणी. बिनबियांची वेल मादी म्हणून घेतली तर गर्भ फळातच जिरतो, म्हणून तो वेळेवर काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. काम लांबचे आहे, पण वाट ठाऊक आहे.

मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बागायतदारांचा संघ यांनी अशा रोपांच्या चाचण्या तासगावच्या शिवारात, खऱ्या ऑक्टोबर छाटणीवर घ्याव्यात. तसे वाण हाती आले तरी फवारणी पूर्ण बंद करू नये. मोजक्या फवारण्यांनी रोगकारकाची संख्या कमी राहते आणि जनुक अधिक वर्षे टिकते. प्रतिकाराचे जनुकही विहिरीच्या पाण्याइतकेच जपून वापरायला हवे.

पुढच्या लेखांकात : भुरी आणि ‘रन-१’ जनुक.